कापडाखालची करंगळी

रिक्षातून आधी वाकळ उतरली, मग चंद्रकलाकाकू. वाकळेत काहीतरी जड असणार, कारण रिक्षावाल्याने ती तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तो सिद्धेश्वराचं नाव घेत होता.

"दवाखाना हाच ना ओ?" काकूंनी दारातून विचारलं.

"दवाखाना?"

"संजीवनी म्हणली, तुम्ही जुन्या मशिनी बऱ्या करता म्हणून."

माझ्या छंदाला घरात दवाखाना म्हणत नसत, पसारा म्हणत. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून आलो की गॅलरीत बसून मी जुने टाइपरायटर उघडायचो, रॉकेलने धुवायचो, दात घासायच्या ब्रशाने घासायचो आणि पुन्हा जोडायचो. माझी बायको संजीवनी म्हणायची, "माणसं दारू पितात, त्यात निदान बाटली संपते तरी." तिचा मुद्दा बरोबर होता. टाइपरायटर संपत नाहीत. त्यात मला टायपिंग येत नव्हतं. दुरुस्त झालेल्या मशीनवर मी एका बोटाने स्वतःचं नाव काढायचो, कौतुकाने बघायचो आणि झाकून ठेवायचो. संजीवनी बार्शीचीच, म्हणून काकू मला जावईबापू म्हणायच्या. गावच्या जावयाला थोडं खूळ माफ असतं.

वाकळ सोडली. आत रेमिंग्टनचं मराठी मशीन होतं, कागदाच्या लांब गाड्याचं, रंग उडालेलं. अक्षरांच्या दांड्यांमध्ये पालीने अंडी घातली होती.

"यांचं," काकू म्हणाल्या.

यांचं म्हणजे तांबारे सरांचं. सोमवार पेठेत भांड्याच्या दुकानावर सरांचा टायपिंगचा क्लास होता. त्या तालुक्यात कोर्टात, बँकेत, पंचायत समितीत कुठेही जा, ज्याने तुमचा अर्ज हरवला तो आणि ज्याने तो शोधून दिला तो, दोघेही तांबारे सरांचेच विद्यार्थी. संजीवनीसुद्धा. तिला शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली ती सरांमुळे. पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या. सरांनी मशीनं भंगारात दिली, एक घरी आणलं आणि माळ्यावर टाकलं. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको. आधी ऐका." काकू स्टुलावर बसल्या. "हे खातात, झोपतात, टीव्हीकडं बघतात. माझ्याकडं बी बघतात, टीव्हीकडं बघावं तसंच. डॉक्टरला विचारलं, यांना कळतंय का, मी कोण ते. तर म्हणतो, कळत असेल. असेल म्हणजे काय ओ? डॉक्टरनं असेल म्हणायचं, तर मग आम्ही काय म्हणायचं?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"राजू म्हणतो, पुण्यात केंद्र आहे. नर्स, व्यायाम, वेळेवर जेवण. जागा मिळालीय म्हणे. पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतोय. 'आई, बाबा कुणालाच ओळखत नाहीत, त्यांना घर काय आणि केंद्र काय.' पोरगं वाईट नाही. माझी कंबर गेलीय, यांना उठवताना दोघंही पडतो, हे त्यानं बघितलंय. ओळखत नसतील तर मी तरी कशाला अडवू? पण ओळखत असतील तर? मग तर मी नेऊन टाकल्यासारखं झालं की."

"आणि हे मशीन?"

"तोंड बंद पडलंय, बोटं कुठं पडलीत? डावा हात चांगला चालतोय. जन्मभर बोटांचंच खाल्लं त्यांनी. माझं नाव काढलं यावर, की झालं. अख्खं नको. नुसतं 'चंद्र' निघालं तरी मी राजूला सांगीन, येऊ नको." त्यांनी वाकळेची घडी घातली. "होईल ना बरं?"

मशीनबद्दल मी खात्रीने सांगू शकत होतो. "होईल," मी म्हणालो.

*

एवढ्या निगुतीने मी दुसरं कुठलंही मशीन जोडलं नाही. गाडा ओढणारी दोरी तुटली होती, तिथे मासेमारीचा दोरा लावला. रबरी रूळ दगडासारखा झाला होता, तो पॉलिशपेपरने उतरवला. दांड्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की एक बटण दाबलं की तिघी उठायच्या, जसं कॉलेजात एका प्राध्यापकाला चहाला बोलावलं की विभाग उठतो. शिवणयंत्राचं तेल, नवीन रिबीन. अखेर मी एका बोटाने माझं नाव काढलं. सुबक निघालं.

"सरका," संजीवनी म्हणाली. पदर खोचून ती बसली, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली आणि खाली तिची बोटं पाऊस पडावा तशी पडायला लागली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला असं टाइप करताना पाहिलं नव्हतं. शाळेत कॉम्प्युटर होता आणि घरात मशीनला हात लावायचा हक्क माझा होता.

"खाली बघत नाहीस?"

"बघितलं की सर फूटपट्टी मारायचे."

"बोटांवर?"

"छे, टेबलावर. दचकायला व्हायचं नुसतं. बोट चुकलं तर फूटपट्टीच्या टोकाने अलगद उचलून जागेवर ठेवायचे. मुलीच्या बोटाला सरांनी कधी हात लावला नाही. एकदासुद्धा. तेव्हा आमच्या घरच्यांनी आम्हाला जिना चढू दिला तो त्या फूटपट्टीच्या भरवशावर."

"म्हणजे तुझं शिक्षण लाकडाने झालं."

"आणि तुमचं ज्यांनी केलं त्यांनी तेवढंही वापरलं नाही," ती म्हणाली आणि भाकरी करायला गेली.

*

मशीन पोहोचवायला मी एकटाच गेलो, संजीवनी शाळेत होती. काकूंनी नेसूची नव्हे तर ठेवणीतली साडी नेसली होती. सर खिडकीजवळ लाकडी खुर्चीत बसले होते, दाढी केलेले. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जणू दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतलाय. लाळ पुसायला डाव्या खांद्यावर नॅपकिन होता.

टेबल पुढे ओढून मी मशीन त्यांच्यासमोर ठेवलं, कागद चढवला.

सरांनी बराच वेळ मशीनकडे पाहिलं. टीव्हीकडे बघतात तसं नव्हतं ते बघणं. मग डावा हात आला. त्यांनी गाडा चाचपला, तरफ ओढली. गाडा सरकला, घंटी वाजली. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

मग सरांनी खांद्यावरचा नॅपकिन काढला, एका हाताने झटकला आणि मशीनच्या बटणांवर नीट पसरला. कडा चारी बाजूंनी दाबल्या.

"सर, चालू आहे मशीन," मी म्हणालो, आणि नॅपकिन उचलला.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. परत पसरला.

"अहो, असं काय करताय?" काकू पुढे झाल्या. त्यांनी नॅपकिन बाजूला केला, सरांचं बोट धरलं आणि एका बटणावर टेकवलं. "काढा की. माझं नाव काढा. चं-द्र-"

सरांनी हात हिसडला. घशातून रागाचा नुसता आवाज आला. तिसऱ्यांदा नॅपकिन पसरला आणि आता तळहाताने ते अख्खं मशीन ढकललं. त्या माणसात तेवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मशीन टेबलावर तिरकं झालं आणि काकूंच्या बाजूला सरकलं. सर काकूंकडे बघत टेबलावर बोट आपटायला लागले. टक. टक. टक.

काकू खाली बसल्या.

"न्या म्हणतात," त्या म्हणाल्या. "घेऊन जा म्हणतात ते."

"काकू, पहिलाच दिवस आहे. उद्या पुन्हा-"

"तोंडावरून चादर ओढतात ना माणूस गेल्यावर, तशी ओढली ओ. तीनदा." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "झालं. कळलं मला. राजूला फोन करते, ये म्हणून."

सरांचं बोट वाजतच होतं. मी मशीन उचलायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि पुन्हा बोट वाजवायला लागले. तसंच ठेवून मी जिना उतरलो. खाली येईपर्यंत ते टक टक ऐकू येत होतं.

*

"काय घातलं म्हणालात?" संजीवनीचे पिठाचे हात परातीत थांबले.

"नॅपकिन."

"कशावर? मशीनवर की बटणांवर?"

"बटणांवर. कडा दाबून. काकू म्हणाल्या, प्रेतावर-"

"आणि मशीन कुणाकडे ढकललं?"

"काकूंकडे."

"आणि टेबलावर बोट वाजवलं. एका लयीत?"

"रागाने वाजवलं."

"अहो!" ती उठून उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "एवढी मशीनं उघडली तुम्ही, कधी क्लासात बसलात का? पहिल्या दिवसापासून सर बटणांवर कापड घालायचे. काळं कापड. त्याच्याखाली हात घालायचे आणि समोर बघून शिकायचं. नजर खाली गेली की बोटांना कधीच पाठ होत नाही. मागे उभं राहून सर फूटपट्टीने ठेका धरायचे, टक टक, एका ठेक्याला एक अक्षर."

"पण त्यांनी टाइप का नाही-"

"सर मशीनसमोर बसलेले मी कधीच पाहिले नाहीत. क्लासात कुणीच नाही पाहिले. आम्ही बसायचो, ते उभे राहायचे." तिने गॅस बंद केला. "तुम्ही शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याच्या जागी बसवलंत. त्यांनी मशीन ढकललं नाही. त्यांनी ते बरोबर बाजूला फिरवलं."

*

सकाळी आम्ही दोघे गेलो. रविवार होता. संजीवनीने शाळेच्या ऑफिसातली लाकडी फूटपट्टी आधीच कधीतरी घरी आणलेली होती, ती कामाला आली. सरकारी मालमत्तेचा एवढा सदुपयोग मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेला नाही.

काकूंनी दार उघडलं. रात्रभर न झोपलेला चेहरा. "राजूला कळवलंय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येतोय."

"काकू, तुम्ही बसा," संजीवनी म्हणाली.

"बसते की. चहा ठेवू दे आधी."

"तिथे नाही. इथे." तिने मशीन पूर्ण फिरवलं, स्टूल ओढलं आणि काकूंना खांदे धरून मशीनसमोर बसवलं. सरांची खुर्ची आम्ही दोघांनी उचलून काकूंच्या उजव्या हाताला, जरा मागे ठेवली.

"अगं, मला काय येतंय यातलं?"

"काही येत नाही म्हणूनच." संजीवनीने फूटपट्टी सरांच्या डाव्या हातात दिली.

सरांनी फूटपट्टी बघितली. वजन बघितल्यासारखी वरखाली केली. मग ती मांडीवर ठेवून खांद्यावरचा नॅपकिन काढला आणि बटणांवर पसरला. या वेळी तो कुणी उचलला नाही.

"हात खाली घाला, काकू," संजीवनी हळूच म्हणाली. "कापडाखाली. आणि बघायचं समोर. कॅलेंडरकडे."

काकूंनी हात कापडाखाली घातले. मग एकदम म्हणाल्या, "अगं, ही कापडं मीच शिवायची! दर दिवाळीला काळ्या मांजरपाटाची शिवून द्यायची. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून घालतात."

"तुम्ही कधी क्लासात नाही गेलात?"

"क्लासात मास्तरच्या बायकोनं काय करायचं? डबा न्यायचा पोरगा होता."

टक.

काकू दचकल्या.

"अक्षर," संजीवनी म्हणाली. "एका टकला एक."

टक. काकूंनी एक बटण दाबलं. टक. दुसरं. फूटपट्टी टेबलाच्या कडेवर एका लयीत पडत होती आणि सरांची मान तिच्याबरोबर किंचित हलत होती. त्यांचा चेहरा बदलला असं मी म्हणणार नाही, त्यांचा अर्धा चेहरा बदलूच शकत नव्हता. पण पाठ सरळ झाली होती.

काकू कॅलेंडरकडे बघत हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या गालावरून पाणी यायला लागलं. "म्हणजे नवीन ॲडमिशन समजले मला," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी ओळख पटली ती ही. जावईबापू, फी मागतील बरं का आता."

यावर मी एखादा विनोद करायला हवा होता. माझ्याकडे सहसा असतो. संजीवनीनेही मान खाली घातली. क्लास होता, मास्तर होते, विद्यार्थिनी होती. सरांना सगळं आठवत होतं. फक्त त्या स्टुलावर बायको बसलीय, हे त्यात कुठेच नव्हतं.

"गुरुवारपर्यंत शिकते मग," काकू म्हणाल्या. "तेवढंच त्यांना बरं वाटेल."

टक. टक. टक. ओळ पुढे सरकली. उजव्या करंगळीची पाळी आली. काकूंचं बोट कापडाखाली कुठेतरी भलतीकडे गेलं असणार, कारण ठेका थांबला.

आता फूटपट्टीचं टोक कापडाखाली जाईल म्हणून मी बघत राहिलो. टोक तिथपर्यंत गेलं. थांबलं. मग सरांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली. त्यांच्याकडे चालणारा हात एकच होता, त्यात एका वेळी एकच गोष्ट मावत होती. तो मोकळा झालेला हात कापडाखाली गेला. कापड जरासं उचललं गेलं, थोडं हललं आणि मग हललं नाही.

संजीवनीने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की मला दुखलं.

"काकू," ती म्हणाली. "काकू, सर मुलींच्या बोटाला हात लावत नव्हते."

"काय?"

"कुणाच्याच नाही. फूटपट्टीनेच. अख्ख्या गावाला माहीत आहे."

काकू कॅलेंडरकडे बघत राहिल्या. कापडाखाली दोन हात होते आणि ते कसे होते हे आम्हाला कुणालाच दिसत नव्हतं.

"खाली बघू का?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"नको," संजीवनी म्हणाली. "रागावतील."

थोड्या वेळाने सरांचा हात बाहेर आला. त्यांनी फूटपट्टी उचलली. टक.

निघताना काकूंचा फोन चालू होता. "नको येऊस राजू... नाही, बोलले नाहीत... अरे, तुला नाही कळायचं. माझा क्लास लागलाय. रोजचा आहे, खाडा चालत नाही."

*

सर त्या वर्षीच्या थंडीत गेले. क्लास शेवटपर्यंत चालला. काकूंची कंबर आणखी गेली, राजूने बाई लावून दिली, आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी तेलाची बाटली घेऊन जायचो. प्रत्येक वेळी बघायचो तर काकूंची बाकीची बोटं सराईत झालेली आणि उजवी करंगळी होती तिथेच अडलेली. ती आली की ठेका थांबायचा, फूटपट्टी खाली, हात कापडाखाली. मी संजीवनीला म्हणायचोसुद्धा, माणूस वयाने शिकतो पण त्याची करंगळी शिकत नाही.

दिवस झाल्यावर आम्ही दोघे गेलो. सरांची खुर्ची होती तिथेच होती, काकूंच्या उजव्या हाताला, जरा मागे. बटणांवर नवीन कापड होतं, काळ्या मांजरपाटाचं.

"मशीन घेऊन जा जावईबापू," काकू म्हणाल्या. "मी पुण्याला चाललेय राजूकडं. तिथं कुठं ठेवू? तुमच्याकडं बरं राहील."

"तुम्हाला लागेल की काकू," संजीवनी म्हणाली. "एवढं शिकलात. करंगळी तेवढी बसायची राहिलीय."

"करंगळी?" काकूंनी कापडाची कड सारखी केली. "ती पहिल्या आठवड्यातच बसली होती गं. चुकवायची मी."

संजीवनी माझ्याकडे बघायला लागली, मी मशीनकडे.

"त्यांना माहीत होतं का?" तिने विचारलं.

"मास्तर होते ते. त्यांना नाही कळणार?"

खाली भाजीवाला मेथी ओरडत गेला. मी मशीनला दोरी बांधायला वाकलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "थांबा. एक ओळ काढते."

त्या स्टुलावर बसल्या. हात कापडाखाली घातले, नजर समोरच्या भिंतीवर लावली. कॅलेंडर काढलं होतं, त्याचा चौकोन तेवढा भिंतीवर उजळ राहिला होता. ठेका धरायला कुणी नव्हतं, पण अक्षरं लयीत पडत गेली, एकामागून एक. मग करंगळीची पाळी आली आणि काकू थांबल्या.

थांबून राहिल्या.

मी दोरीची गाठ बघत बसलो. संजीवनीने एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. मग काकूंनी उजवा हात तसाच राहू दिला, डावा हात बाहेर काढला आणि पलीकडच्या बाजूने, जिथून सरांचा हात रोज यायचा तिथून, कापडाखाली घातला.